मिठावर मारलेल्या रेघा

केशोरीच्या बसथांब्यावर या आठवड्यात पुन्हा रंगाचे डाग पडलेल्या पिशव्या दिसू लागल्या आहेत. धान कापून झालं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांत, आता नुसती खुंटं उभी आहेत, काहींचे पेंढ्यांचे पुंजणे अजून मळायचे राहिलेत, आणि ज्यांचं आटोपलं ती माणसं निघाली आहेत. कोणी विटाभट्टीवर, कोणी दक्षिणेकडे मिरच्या तोडायला, आणि आमच्या गावातले आठ-दहा जण समुद्राकडे. समुद्राकडे जाणाऱ्यांच्या पिशव्या लांबून ओळखू येतात. पांढरा आणि पिवळा, दोनच रंग त्यांच्यावर सांडलेले असतात. मला पाहिलं की ते उभे राहतात, कारण त्यांतले बरेच जण माझ्या वर्गात बसून गेलेले आहेत. मी त्यांना बसा म्हणतो आणि पुढे चालू लागतो. पूर्वी मी थांबत असे. अर्जुनीला कोणती गाडी मिळणार, डबा घेतला का, असं काहीबाही विचारत असे. आता विचारायला माझ्याकडे काही नाही.

या दिवसांत सकाळी दव इतकं पडतं की शाळेच्या मैदानातून चालत गेलं तरी पायजम्याचे काठ भिजतात. नऊ-साडेनऊला ऊन लागलं की सगळं सुकतं आणि जमीन होती तशी होते. आमच्याकडचा ओलावा सरळ आहे. येतो तेव्हा दिसतो, जातो तेव्हाही दिसतो. ओलावा लपूनही राहू शकतो हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं आणि समुद्राकाठी एक हंगाम काढावा लागला.

तो एकच हंगाम मी गेलो होतो. त्याच वर्षी माझी नोकरी संपली होती, आणि त्याआधीच्या पावसाळ्यात माझी पत्नी गेली होती. घरात मी आणि सून, सुजाता. मुलगा मिलिंद धानाच्या कापणीपुरता यायचा आणि पुन्हा निघून जायचा. त्या वर्षी निघताना तो दारात थांबला.

“बाबा, घरी बसून भिंतीशी बोलून राहाल तुम्ही. चला माह्यासंगं. समुद्र पाहून घ्या.”

“समुद्र पाहून मी काय करू?”

“मंग नोका पाहू. पुस्तकं घेऊन चला. वाचता तं कुठी बी येते.”

सुजातानं आतून माझी पिशवी भरून आणली. म्हणजे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

मिलिंद रेघा मारायचं काम करायचा. मोठमोठ्या दुकानांसमोर, हॉटेलांसमोर, दवाखान्यांसमोर गाड्या उभ्या करायची जी जागा असते, तिथे जमिनीवर पांढरे-पिवळे पट्टे असतात. ते कोणीतरी मारतं, हे मला माहीत होतं तेवढंच. तो बारावीत दोनदा नापास झाला होता. शिक्षकाचा मुलगा. शिक्षकांच्या खोलीत कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर मी “बाहेर असतो, ठेक्याच्या कामावर” असं म्हणून वर्तमानपत्र उघडत असे. खोटं काही नव्हतं त्यात. त्याच्याशी मी त्याच्या कामाबद्दल कधी वाईट बोललो नाही. चांगलंही बोललो नाही. मी काहीच बोललो नाही, आणि यालाच मी बरीच वर्षं समंजसपणा समजत होतो.

समुद्राकाठचं ते बंदराचं शहर मला आधी हवेतून कळलं. समुद्र दिसायच्या आधी चष्मा चिकट झाला. पुसला, पुन्हा चिकट झाला. मी नेलेली पुस्तकं आठवड्याभरात फुगली, त्यांची पानं कडेला लाटेसारखी वळली. काडेपेटीची काडी ओढली की गुल निघून यायचं. खिडकीच्या बिजागऱ्या, सायकलींच्या साखळ्या, नळाच्या तोट्या, सगळ्यांवर तांबूस बुरशी चढल्यासारखा गंज. उन्हात टाकलेला टॉवेल दुपारी वाळायचा आणि संध्याकाळी पुन्हा ओलसर व्हायचा, पाऊस नाही, दव नाही, काही नाही. आम्ही सहा जण मासळीबाजाराच्या मागे एका लांबट खोलीत राहत होतो. तिथला तांदूळ जाडा, लालसर. आमचे लोक पहिल्या घासाला एकमेकांकडे बघत. “ह्या भाताले वासच नाही,” देवराम म्हणायचा आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

देवराम मिलिंदहून थोडा मोठा, माझाच विद्यार्थी. पाढे कधी पाठ झाले नाहीत, पण तोंड फार चालायचं. पहिल्या दिवशी मला कामावर घेऊन गेले तेव्हा त्यानं मला एका पालथ्या डब्यावर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “गुरुजी, शाळेत तुम्ही आमच्या हातावर रेघा मारल्या. आता आम्ही मारून राहिलो, तुम्ही पाहा.”

सगळे हसले. मिलिंद हसला नाही. माझ्याकडे बघून, मला राग आला नाही ना हे पाहून, मग हसला.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. आधी जमीन झाडायची, तेलाचे डाग घासायचे, धुवायची, वाळू द्यायची. मग दोन टोकांना दोन माणसं निळीत बुडवलेलं सूत ताणून धरायची आणि तिसरा ते मधोमध उचलून सोडायचा. टप्प असा आवाज व्हायचा आणि जमिनीवर एक बारीक निळी रेघ उमटायची. तिच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावायची, मधे रंग ओढायचा. बाण, आकडे, अपंगांच्या गाडीची खूण, यांचे पत्र्याचे छापे असायचे. वेळ मात्र हाती फार कमी. सकाळी दहापर्यंत जमिनीत रात्रीचा दमटपणा असायचा, आणि एक वाजला की समुद्रावरून वारा सुटायचा, त्यात रेती असायची, ओल्या रंगावर ती बसली की पट्टा खरखरीत व्हायचा. म्हणजे दिवसातले तीन तास. बाकीचा दिवस वाट पाहण्याचा. मी डब्यावर बसून वाचायचो आणि मधूनमधून माझ्या मुलाला बघायचो. सूत ताणताना तो एक डोळा मिटायचा. त्याची आई सुईत दोरा ओवताना तसाच मिटायची. पंचवीस-तीस वर्षं एका घरात राहून हे मला तिथे दिसलं.

त्या हंगामात त्याचं सगळं एका कामावर अडकलेलं होतं. खाडीच्या कडेला एक नवं व्यापारी संकुल उभं राहत होतं. खाली दुकानं, वर खानावळी आणि सिनेमा, पुढे काँक्रीटचं भलंमोठं आवार. तोपर्यंत मिलिंद दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली होता. हे आवार ठेकेदारानं पहिल्यांदा त्याच्या एकट्याच्या जबाबदारीवर दिलं होतं. रेघा टिकल्या तर त्या किनाऱ्यावरची पार्किंगची सगळी कामं त्याच्या टोळीकडे येणार होती. नाही टिकल्या तर टोळी मोडणार आणि त्याला हायवेच्या कामावर पाठवणार. हायवेवर आधी दोन वर्षं त्यानं काढली होती.

“तिथं काय वाईट आहे?” मी विचारलं होतं. आम्ही धक्क्यावर बसलो होतो.

“तिथं गाड्या थांबत नाही न, बाबा,” तो म्हणाला. “आपण वाकून राहतो अन मागून त्या येतच राहतात. इथं कसं, गाडी थांबते त्या जागचं काम. सुजातालेबी धाक नाही राहत.”

मी मान हलवली आणि समुद्राकडे बघत राहिलो. भरती होती की ओहोटी, मला ते कधी नीट ओळखता आलं नाही.

संकुलाचा व्यवस्थापक एक उंच, नीटनेटका माणूस होता. सतत छत्री घेऊन फिरायचा, उन्हासाठी. पहिल्या भेटीत त्यानं विचारलं, “तुम्ही मंडळी कुठली?”

“गोंदिया जिल्हा,” मिलिंद म्हणाला.

“म्हणजे नागपूर?”

“नागपूरच्या पुढे.”

“नागपूरच्या पुढेही महाराष्ट्र आहे?”

“हाय न जी,” देवराम म्हणाला, “आमी तिथूनच तं पायी येऊन राहिलो, म्हणून उशीर झाला.” व्यवस्थापक हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं फक्त एक सांगितलं होतं, उद्घाटनाच्या आधी रेघा झाल्या पाहिजेत, आणि त्या चांगल्या झाल्या पाहिजेत.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. धान मळायच्या आधी खळं करतात. जागा खणून, चोपून, शेणमातीनं सारवून घेतात आणि वाळू देतात. वाळलं की नाही हे घरातला सगळ्यांत वडील माणूस सांगतो. तो पायातलं काढून खळ्यावर जातो, अनवाणी पाय टेकतो, वाकून तळवा ठेवतो. भुई काळपट असेपर्यंत ओली. पांढरी पडली की वाळली. मग तो म्हणतो, “झालं,” आणि त्यानंतरच पहिली पेंढी आत येते. तो म्हणाला नाही तर कोणी पेंढी ठेवत नाही, आणि तो म्हणाला की कोणी पुन्हा तपासत नाही. माझे वडील मजूर होते, दुसऱ्याच्या खळ्यावर राबले, पण म्हातारपणी आमच्या दीड एकराचं खळं झालं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तसा पाय टेकला. त्यांचा चेहरा मला आठवतो. त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. शाळेतून आल्यावर चपला काढून मी खळ्यावर जात असे, आणि पुस्तकी माणूस असूनही माझं कधी चुकलं नव्हतं.

त्या सकाळी आवार धुऊन एक दिवस झाला होता. दहा वाजून गेले होते. काँक्रीट करड्या रंगाचं असतं, पण त्या दिवशी ते सगळीकडे पांढरट दिसत होतं, जणू कोणी पीठ चाळून ठेवलंय. सुताचे गुंडे काढून माणसं बसली होती. उद्घाटनाला अजून अवकाश होता, एक दिवस थांबलं असतं तरी चालण्यासारखं होतं. मिलिंद दूरच्या कोपऱ्यात उकिडवा बसून काहीतरी बघत होता. तो परत येत होता तेवढ्यात देवराम म्हणाला, “अरे, म्हातारा माणूस संगं हाय न आपण कायले डोकं खाजवून राहिलो? गुरुजी, तुमीच पाय ठेवून सांगा जी. खळ्यावर सांगता तसं.”

पुन्हा हसणं झालं, पण त्यात गंमत कमी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. सहा महिन्यांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. निवृत्त झालेल्या माणसाकडे कोणी काही विचारायला येत नाही, हे ज्याचं त्यालाच कळतं. मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं, डब्यावर ठेवलं, चपला काढल्या आणि त्या आवारात दहा-बारा पावलं चालत गेलो. पायाला कोमट लागलं. वाकून तळवा टेकला. कोरडा. हाताला पांढरी भुकटी लागली.

“वाळलं,” मी म्हणालो. “पांढरं पडलंय. मारा.”

मिलिंद माझ्याकडे बघत उभा होता. त्यानं ओठ किंचित उघडले. मग म्हणाला, “बरं, बाबा.” आणि वळून मोठ्यानं, “चला रे. सूत धरा.”

चार दिवस काम चाललं. शेवटच्या दिवशी व्यवस्थापकानं आम्हाला वरच्या गच्चीवर नेलं. खाली सगळं आवार पांढऱ्या रेघांनी भरून गेलं होतं, एकेक गाडीचा एकेक चौकोन, कुठेही हात थरथरलेला नाही. देवराम म्हणाला, “बांध्याच दिसून राहिल्या गा.” खरंच तशाच दिसत होत्या, रोवणीआधीच्या रिकाम्या बांध्या. आमच्या बांधीला धुरा असतो, तो पाणी अडवतो. या रेघा काहीच अडवत नव्हत्या, तरी लोक त्यांच्या आत गाडी उभी करणार होते, नुसतं सांगितलंय म्हणून. रेघेत एवढी ताकद असते असं मला तेव्हा वाटलं. आयुष्यभर मीही मुलांच्या वह्यांना समास आखून देत आलो होतो. मी मिलिंदला म्हणालो, “छान आलंय.” त्याला माझ्याकडून मिळालेले हे दोनच शब्द. तो इतका लाजला की गच्चीच्या कठड्याला हात लावून कोणता रंग आहे ते बघू लागला.

उद्घाटन झालं, गाड्या आल्या. तीन आठवड्यांनी रेघा उठू लागल्या.

आधी वळणावरच्या. चाक वळलं की टायरला चिकटून हातभर पट्टा निघून यायचा. मग सगळीकडे. सापानं कात टाकावी तसे पांढरे लांब पट्टे आवारात लोळत पडले, वारा सुटला की ते गाड्यांखालून सरकत जायचे. मी त्यातला एक तुकडा उचलला. वरून रंग उत्तम होता, गुळगुळीत. खालच्या बाजूला ओलसर पांढरी भुकटी होती. मी ती जिभेला लावली.

मीठ.

सातवीच्या विज्ञानात एक वाक्य आहे, ते मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे: मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. मुलं ते लिहून घेत. परीक्षेत त्यावर रिकामी जागा भरायला येई. मला ते इतकं पाठ होतं की माझ्या तळहातावर ते मीठ लागलं तेव्हा मी ते ओळखलं नाही. आमच्याकडे पांढरं म्हणजे वाळलेलं. तिथे पांढरं म्हणजे आतलं पाणी मीठ घेऊन वर आलेलं, आणि त्याच्या खाली अजून पाणी. गोड्या पाण्यानं पुन्हा धुऊन आणखी एक दिवस थांबायला हवं होतं. एवढंच.

दुपारी ठेकेदार आला. आवाराच्या मध्ये व्यवस्थापक, ठेकेदार, आमची टोळी आणि थोडा मागे मी. ठेकेदार ओरडला नाही. त्यानं विचारलं, “वाळलंय असं कोणी सांगितलं?”

मी सगळ्यांच्या मागे होतो. माझ्या हातात जेवणाचा डबा होता. मला तोंड उघडायचं होतं. उघडायचं होतं, हे मी आता लिहितोय. तेव्हा मनात काय चाललं होतं ते मला प्रामाणिकपणे आठवतं. मनात चाललं होतं की हा परका माणूस मला, इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला, माझ्या विद्यार्थ्यांसमोर काय बोलेल.

“मी,” मिलिंद म्हणाला.

“तुला कळत नाही? इतकी वर्षं काम करतोस.”

“चूक झाली.”

देवराम काहीतरी बोलणार होता. मिलिंदनं त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प बसला. ठेकेदार गेला. मग आम्ही सगळे तिथेच सावलीला बसून जेवलो, कारण डबा आणलेला होता. त्या रात्री, त्यानंतर, आणि गाडीच्या परतीच्या प्रवासात मिलिंद त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही, आणि मला वाटलं, त्याच्या ध्यानात आलेलं नाही. की मी सांगितलं म्हणून झालं हे तो विसरला. माणूस स्वतःच्या सोयीसाठी किती भाबडा होऊ शकतो.

पुढच्या हंगामात तो हायवेवर गेला. त्याच्या पुढच्या हंगामातही. दर वेळी मी त्याला बसपर्यंत सोडायला जायचो आणि दर वेळी मनाशी म्हणायचो, या खेपेला बोलू, ठेकेदाराला पत्र लिहू. पत्र लिहिणं मला येतं. गावातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज माझ्या अक्षरात आहेत. ते एक पत्र मी लिहिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात, स्वच्छ उजेडात, सकाळी अकराच्या सुमारास, तो हायवेच्या कडेला वाकून पट्टी लावत होता आणि मागून आलेला टँकर थांबला नाही.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात गर्दी मावली नव्हती. भन्तेजींनी अनित्यतेवर प्रवचन केलं. मी ते ऐकलं, समजलं, आणि त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

परवा देवराम आला. तो याही वर्षी चालला आहे, निघायच्या आधी भेटायला आला. पडवीत बसला, चहा घेतला, कप खाली ठेवला, तरी उठेना.

“गुरुजी, एक गोष्ट हाय. सांगू का नोको, कळून नाही राहिलं.”

“सांग.”

“त्या खाडीवरच्या कामाची. मिलिंदनं आदल्या संध्याकाळी कोपऱ्यात प्लास्टिकची पन्नी चिकटवली व्हती, फरशीले. चारी बाजूनं पट्टी लावून. आमी तसंच करतो. खालून पानी येत असंल तं सकारी पन्नीले आतून थेंब दिसतात.” तो थांबला. “मी पाह्यलं जी. थेंबच थेंब व्हते. तो ते पाहूनच येऊन राहिला व्हता, तवा तुमी पाय ठेवला.”

तो लगेच पुढे बोलू लागला.

“मी त्याले बाजूले घेतलं. म्हटलं, लेका, पानी हाय न खाली. थांब न एक दिवस. तो म्हणे, चूप रहा. बाबा आजवर माह्या कामाबद्दल एक शब्द बोलले नाही. आज पह्यल्यांदा त्यात हात घातला. चारचौघांत त्यांचा शब्द खोडू का मी? मी म्हटलं, अन काम गेलं तं? तं म्हणे, राहू दे. अन पन्नी गोळा करून खिशात टाकली.” देवरामनं गमछ्यानं तोंड पुसलं. “मीच तुमाले उठवलं व्हतं न गुरुजी, मस्करीत. मले झोप नाही लागत.”

मी त्याला म्हणालो, तुझा काही दोष नाही. हे वाक्य मला लगेच बोलता आलं. दुसऱ्याच्या बाबतीत ते लगेच येतं.

तो गेल्यावर मी त्याचा कप उचलून ठेवला. इतके दिवस मी मिलिंदच्या मृत्यूचा विचार करताना स्वतःला एक सवलत देत आलो होतो: माझ्याकडून अजाणता चूक झाली, आणि ती माझी होती हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. आता ती सवलतही उरली नाही. त्याला माहीत होतं. त्यानं माझ्या दोन शब्दांसाठी, “वाळलं, मारा” या इतक्या सामान्य दोन शब्दांसाठी, आपलं काम सोडून दिलं, आणि मला ते घेताना कळलंसुद्धा नाही. माफी मागायला माणूस लागतो. आभार मानायलाही लागतो.

सुजाता आत शिलाई मशीनवर बसली होती. मिलिंद गेल्यावर तिच्या माहेरची माणसं न्यायला आली होती, ती गेली नाही. म्हणाली, बाबा एकटे राहतील. मी दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पाय कसा टेकला, काय म्हणालो, ठेकेदारानं काय विचारलं, मी कुठे उभा होतो. पन्नीचंही सांगितलं. सांगताना माझी वाक्यं व्यवस्थित येत होती, याचीच मला लाज वाटत होती.

तिनं मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं होतं. डोळे कापडावरच होते.

“त्यांनी मले सांगतलं व्हतं, चूक माही झाली म्हणून,” ती म्हणाली. “मी लय रागावली व्हती त्यांच्यावर. महिनाभर फोनवर धड बोलली नाही. म्हटलं, इतकं कळत नाही तुमाले, आता पुन्हा त्या रोडावर जाऊन राहिले. ते नुसते ऐकून घेत.” मग तिनं वर पाहिलं. आवाज चढलेला नव्हता. “तुमी तवा काऊन नाही बोलले, बाबा?”

मला उत्तर माहीत होतं. ते मी वर लिहिलं आहे. तिच्यासमोर मात्र ते मला उच्चारता आलं नाही, आणि तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मशीन पुन्हा सुरू झालं.

ती घर सोडून जाणार नाही. माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत, आंघोळीचं पाणी तापलेलं असतं, संध्याकाळी वंदनेच्या वेळी ती माझ्याआधी मेणबत्ती लावून बसते. स्वयंपाक झाला की दारातून आवाज देते, “वाढलं जी.” एवढंच म्हणते. आता बाबा म्हणत नाही.